उजव्या हाताचा वॉल

संत्र्याची झाडं फुलवायची असतील, तर आधी त्यांना तहानेनं छळावं लागतं. आमच्याकडे याला ताण देणं म्हणतात. डिसेंबरात पाणी बंद. पानं कोमेजतात, मग पाणी सोडलं की सारा बगीचा एकदम पांढरा होतो. ताण मधेच तुटला तर नुसती पालवी, बहार गेला!

त्याच डिसेंबरात मी प्रबंध पूर्ण करायला पांढुर्ण्याला घरी आले होते. विषय गणिताचा : असंख्य क्वांटम कण एकत्र असताना एकाला धक्का दिला, तर तो किती दूर जाणवतो? मी सिद्ध केलं होतं, की अंतर वाढेल तसा तो झपाट्यानं विरतो. (एक अट होती. ती पुढे येईल.)

शनिवारी बाबा जामसांवलीला दर्शनाला निघाले. "पोरी, गव्हाले पाणी सोडून दे. उजव्या हाताचा वॉल खोल. डावा संत्र्याचा हाय, त्याले हात नको लावू."

मी मोटर लावली आणि उजव्या हाताचा वॉल, म्हणजे पाइपचा व्हॉल्व्ह, उघडला. फक्त मी पाइपच्या पलीकडे उभी होते. (माझ्या समीकरणांत डावं-उजवं बदललं तरी उत्तर तेच येतं.) मग वही घेऊन बांधावर बसले. सिद्धता सुंदर चालली होती. चप्पल वाहून जायला लागली तेव्हा मान वर केली! संत्र्याच्या दोन ओळी चिंब.

दोनच ओळी, मी स्वतःला समजावलं. धक्का स्थानिक आहे. कुणाला सांगायची गरज नाही. मोटर बंद करून मी चिखलावर वाळलं गवत पसरू लागले. शेजारच्या शेतातून रत्नाकाकू बघत होत्या.

"काय करून राहिली वं?"

"काही नाही, काकू."

"चिखलाले पांघरून घालून राहिली का?"

अर्ध्या तासात सौंसरहून मावशीचा फोन. "काहून वं, अर्धा बगीचा भिजवला म्हने?" मोहगावच्या मामांपर्यंत अख्खा बगीचा पोचला. आणि देवळाच्या पायरीवर बाबांना कुणीतरी सांगितलं, की विहीर खचली, पोरगी थोडक्यात वाचली!

बाबा नारळ तसाच हातात घेऊन आले. आधी मला पाहिलं, मग झाडं.

"तुले लागलं नाही ना?"

"नाही."

"किती झाडं?"

"बावीस." (मोजण्यात मी चुकत नाही.)

ते बांधावर बसले. नारळ त्यांच्या मांडीवर होता.

ती अट अशी : कणांचा समूह अवस्था बदलण्याच्या उंबरठ्यावर असेल, तर धक्का विरत नाही, शेवटच्या कणापर्यंत पोचतो. ताणाच्या महिन्यात संत्रेवाल्यांचं प्रत्येक घर त्या उंबरठ्यावर असतं. हे मी प्रबंधात लिहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत सारा बगीचा पांढराशुभ्र झाला. रस्त्याकडेची बावीस झाडं तेवढी हिरवीगार, फुलाविना. मावशी मुद्दाम बघायला आली.

"भाऊजी, ही शिकते तरी काय?"

"एका जागी हात लावला, तं दूरवर काय होते, ते," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"मंग झाली म्हना की पास!"

झाले. पण घरात माझं काम निव्वळ सैद्धांतिक ठेवण्यात आलं आहे. मोटरीच्या खोलीला कुलूप असतं.