सुजाताने घडवलेली माझी आई

रविवारी सिल्व्हर पार्कला सुजाताचं प्रदर्शन बघायला गेले आणि तिथेच उभ्या उभ्या जळफळाट झाला माझा.

सुजाता माझी शाळेपासूनची मैत्रीण. शांती नगरमध्ये आमच्याच मजल्यावर राहायची. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे शाळा सुटली की ती आमच्याकडेच. आता ती चित्रं काढते, मातीची शिल्पं करते... बायका आणि त्यांच्या आठवणी हा तिचा विषय.

छोटासाच हॉल. भिंतीवर दुपारी लादीवर आडवी झालेली बाई, ओले केस पंच्यात गुंडाळलेली बाई... मी आपली कौतुक करत पुढे सरकत होते.

आणि मधोमध ते शिल्प दिसलं. दातात कंगवा धरून एक बाई पुढ्यातल्या मुलीची वेणी घालतेय. ती माझी आई होती!

पुढ्यातली मुलगी मात्र मी नव्हते. माझा कायम बॉयकट... वेण्या सुजाताला असायच्या.

आई आता नाही. आणि इथे मातीची जी आहे, तिच्या मांडीशी सुजाता बसलेली?

"सुजे, ही माझी आई आहे." आवाज जरा चढलाच माझा.

"हो, काकूच आहेत."

"मग मी कुठेय?"

"काकूंची मान बघ ना."

मघापासून माझी नजर त्या मुलीवरच अडकली होती. आता बघितलं... आईचं वेणीकडे लक्षच नव्हतं. मान बाजूला वळलेली.

"खिडकीतून खाली बघतायत. तू खेळत असायचीस ना... वेणी घालताना सगळा वेळ तुझंच चाललेलं. पडली तर, अजून वर कशी आली नाही... इतका राग यायचा मला तुझा! वाटायचं, एकदा तरी माझ्याकडे बघा."



तेवढ्यात एक बाई शिल्पाचा फोटो काढत म्हणाल्या, "कितना रियल है ना?"

"मेरी मम्मी है," मी पटकन सांगून टाकलं. सुजाता नुसती हसली.

आईचा त्या वयातला एकही फोटो आमच्याकडे नाही. हेवा अजून वाटतोय, खोटं कशाला बोलू... आईच्या हातची वेणी तिलाच मिळाली. पण तिने ते हात इतके नीट लक्षात ठेवले, म्हणून मला ते पुन्हा बघता आले. थँक यू, सुजे.