खून कुणी केला ते सांगू नका

जुन्या रहस्यकथा शोधायला निघालं की पुस्तकं कमी आणि किस्सेच जास्त हाती लागतात. मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. माझे दोस्त नजीरभाई बाइंडिंगचं दुकान चालवतात. एकेकाळी हातोहात खपलेले आणि आता कुणालाच आठवत नसलेले लेखक हुडकायचे, हा आमचा रविवारचा उद्योग.

*

नांदेडला एका रद्दीवाल्याकडं असंच एक पुस्तक दिसलं. पण तो स्वतःच ते वाचत बसलेला.

"थोडीच पानं राहिलीत, बसा," म्हणाला.

बसलो. चहा झाला, परत चहा झाला. शेवटी पुस्तक मिटून तो म्हणाला, "आता कशाला नेता? खून मुनीमानं केलाय."

*

किल्लारीत एक आजोबा भेटले. त्यांची पुस्तकांची पेटी भूकंपात गाडली गेलेली. आम्ही एका कादंबरीचं नाव काढलं. ती आम्हाला कुठंच मिळत नव्हती.

"पुस्तक न्हाई, पण गोष्ट हाय की," म्हणत त्यांनी स्टँडवरच सांगायला सुरुवात केली. गोष्ट ऐन रंगात आली आणि आमची एसटी लागली. नजीरभाईंनी कंडक्टरला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं.

गोष्ट संपल्यावर आजोबा म्हणाले, "लिव्हणारा हाय अजून. तिकडं इस्लापूरला ऱ्हातो."

*

इस्लापूरला दार सुनेनं उघडलं. "मामांनी पुस्तक लिव्हलं?" तिला पत्ताच नव्हता.

लेखक बाजेवर बसले होते. नजर गेलेली, आठवणही विरळ झालेली. त्यांचीच एक पातळशी कादंबरी आमच्याकडं होती. नजीरभाई मोठ्यानं वाचू लागले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुणाचं हाय हे?"

"तुमचंच, साहेब."

ते सरसावून बसले. मग म्हणाले, "वाचा पुढं." सूनही कामं टाकून उंबऱ्यात येऊन बसली.

शेवटचं प्रकरण आलं तसा त्यांनी हात वर केला. "खून कुणी केला ते सांगू नका. मला वळखू द्या."

बराच वेळ विचार करून म्हणाले, "डॉक्टर."

पुस्तकात खून मेहुण्यानं केला होता. नजीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"हाव, साहेब. डॉक्टरच."

वाटलं, खूश होतील. ते जरा हिरमुसले.

"मग लई सोपं लिव्हलं म्हणायचं मी."