टपाल पोस्टातच ठेवावे

आई धुळ्यात, देवपूरच्या घरी न्हाणीत पडली आणि खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तिच्याजवळ राहायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. जळगावात पिंप्राळ्याच्या घराला कुलूप लावलं आणि धुळ्याची बस धरण्याआधी पोस्टात गेले. नवरा गेल्यापासून माझं नाव अनुकंपा नोकरीच्या यादीत आहे. बोलावणं रजिस्टर पत्रानेच येतं. वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली की नाव कटतं, आणि मला दोन महिने उरले होते.

महिनाभर टपाल पोस्टातच ठेवावं, मी स्वतः येऊन घेईन, असा अर्ज दिला. आमचा नेहमीचा पोस्टमन म्हणाला, "ताई, निर्धास्त जा. पत्र आलं की मीच फोन करतो."

अठराव्या दिवशी दवाखान्यात आईला खिचडी भरवत असताना फोन आला, पण यादीतल्या दुसऱ्या बाईचा. "काल कागदपत्रं तपासायला तुम्ही दिसल्या नाहीत?"

वाटी खाली ठेवली. शेजारच्या कॉटची आया दिवसभरासाठी ठरवली आणि जळगावला आले.

पोस्टमन कापूस वेचणीसाठी आठवडाभर रजेवर गेला होता. त्याच्या जागी आलेल्या बदलीवाल्याला माझ्या अर्जाचं माहीत नव्हतं. त्याने पत्र दारापर्यंत आणलं, कुलूप पाहिलं आणि शेजारच्या अक्कांना विचारलं. अक्कांनी मला हे सगळं चहा टाकता टाकता सांगितलं.

"मी सांगं, ती धुयाले गयी शे, कव्हय यी भरोसा नही. त्याले रोज हेलपाटा कशाले?"

"कधी येणार ते मला फोन करून विचारायचं ना, अक्का."

"तुनी मायनं ऑपरेशन. तुले आखो तरास कशाले देवा?"

आमच्या गल्लीत कुलूपबंद घराची उत्तरं शेजारणीच देतात. मीही कितीदा दिली आहेत. बदलीवाल्याने पाकिटावर 'पत्ता सोडून गेल्या' असं लिहून पत्र परत पाठवलं होतं. चहा तसाच ठेवून मी उठले.

अनुकंपा यादीच्या कचेरीत ते पाकीट माझ्याच फाइलला टाचलेलं होतं. क्लार्क म्हणाला, "पत्ता सोडलात, तर कळवायचं होतं."

"कुलूप लावलं होतं. पत्ता नव्हता सोडला."

"अर्ज द्या. साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी येतील. तपासणी झालेल्यांची यादी सोमवारीच वर जाते. नाव घेतील की नाही, मी सांगू शकत नाही."

त्या दिवशी शुक्रवार होता. तिथेच अर्ज लिहायला बसले. तेवढ्यात आयाने आईला फोन लावून दिला.

"कधी येतेस?"

"सोमवारी. साहेबांना भेटून. तोवर आयाच राहील."

आई म्हणाली, "ही उठवते तेव्हा फार दुखतं गं."

"तिला सांग, आधी पाठीला हात दे आणि मग उठव."

"तू आलीस तर..."

"आई, आज नाही येता येत. सोमवारपर्यंत सगळी कागदपत्रं जमवायची आहेत."

फोन ठेवला आणि क्लार्कला विचारलं, सोमवारी कचेरीचं दार किती वाजता उघडतं.