सावनेरच्या वाटेवर चाकामागचं तेल

मनीषनगरातून निघालो तवा सकाळचे आठ वाजले होते. आमचे हे, मी अन् आठ महिन्याची चिमी. सावनेरले माहेरी तिचं जावळ काढायचं होतं, माह्या भावाच्या मांडीवर बसवून. गाडी म्हणजे सासऱ्यांची जुनी पांढरी अँबेसिडर, वयानं माह्याहून मोठी. लग्नात नवरदेव मिरवाले नेतात तिले, म्हणून आमच्या यायचा भारी जीव तिच्यावर.

सीताबर्डीवर चिमीसाठी टोपरं घ्याले थांबलो. घेऊन परत आली तं डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर आतून ओलं दिसलं, काळं, टायरवर वघळ आलेला. पिशवीतलं चिमीचं लंगोट काढून पुसलं, तं चिकट, अन् वास असा का नाक धरा.

"अवो, हे काय होय?"

"नालीचं पाणी असन. बस, उशीर होते."

बाजूचा ऑटोवाला वाकून पाहे. "वैनी, हे ब्रेकचं तेल होय. लेकरू घेऊन नोका जाऊ."

तर्री-पोह्याच्या (लाल रश्श्याच्या पोह्याच्या) गाडीवरचा माणूस म्हणे, "काही नाई, धक्के खाणारं जंपर गेलं, त्याचं तेल होय. चालते." मंग दोघंच भांडाले लागले. मले काहीच समजे ना, कोणाचं खरं मानाव? त्याच्याकडून घेतलेले पोहे हातात तसेच थंडे झाले. हे गाडीत बसले, मी बी बसली. काहून बसली, मले आजवर समजलं नाई.

कोराडीच्या वीजघराच्या धुराच्या चिमण्या मागं गेल्या. दोन्हीकडं कापूस फुटलेला, उन्हात पांढराफेक, पण माहं ध्यान सारं मागच्या चाकाकडं. पाटणसावंगीच्या आधी एक बैलबंडी आडवी आली. यायनं ब्रेक दाबला अन् गाडी सरळ थांबाच्या ऐवजी उजवीकडं ओढली, समोरून ट्रक. ट्रकवाला शिवी देऊन निघून गेला. चिमी रडे ना, माह्या तोंडाकडं पाहत राहिली फक्त.

"मी उतरून राहिली," म्हणलं. "आता मी हिले घेऊन या गाडीत बसत नाई. पायी जाईन."

"अवं, ऐक तं!"

नाई ऐकलं. पुढंच एका निंबाखाली ट्रॅक्टर खोलून ठेवलेले होते. तिथं गुलाबराव मिस्त्री भेटले, साठीचे, मिशा पांढऱ्या. हे मागून हळूहळू गाडी घेऊन आले. मी एका दमात सारं सांगतलं, लंगोटानं पुसलेलं तेल, ऑटोवाला, पोहेवाला, ट्रक, सारं उलटंसुलटं.

"दम घे पोरी," मिस्त्री म्हणे. "ते लंगोट हाय का?"

मी दिलं. त्यायनं गिलासभर पाण्यात त्याचा कोपरा पिळला. तेलाचे डोळे वर आले, इंद्रधनुष्यासारखे चमकाले लागले.

"ब्रेकचं तेल असतं तं पाण्यात मिसळून गेलं असतं. हे वर तरंगून राहिलं. गिअर ऑइल होय, मागच्या धुरीतलं, दोन्ही चाकं जोडते त्या दांड्यातलं. तेल अडवणारं सील गेलं."

"मंग ब्रेक चांगला हाय?" मी म्हणलं.

"कुठं चांगला? तेल ब्रेकवर जाऊन राहिलं ना वं! इकडचं चाक धरत नाई, तिकडचं धरते, मंग गाडी तिकडं पळते."

चाक काढलं, ड्रम काढला. आतले लायनर (चाक धरून थांबवणारे पट्टे) तेलात बुडलेले, जसे भजे.

"पण सील तं मागच्याच महिन्यात बदललं!" हे तापले. "त्या मिस्त्रीनं फसवलं मले. आता जातो अन् त्याची गचांडीच धरतो!"

मिस्त्री गाडीखाली शिरले. आतूनच आवाज आला, "बापू, हे खालून काळं कोणं रंगवलं?"

दसऱ्याले गाडीची पूजा राहते. म्हणून आदल्या दिवशी यायनं गाडी विटांवर चढवली अन् मी बारीक हाओ म्हणून मलेच खाली धाडलं. गेटाचा काळा रंग उरला होता. धुरी रंगवली, तिच्यावर एक इवलीशी टोपी होती, तिले बी दोन हात मारले, चमकली पाहिजे म्हणून.

हे माह्याकडं पाहत होते. खोटं बोलता आलं असतं.

"मी रंगवलं," म्हणलं.

मिस्त्री बाहेर आले, तोंडभर हसले. "अवं, नवरी सजवली तं नाकात बी हळद कोंबली का? त्या टोपीतून हवा निघते. धुरी तापली का आत हवा फुगते. तू भोक बुजवलं, मंग ते तेलाले ढकलते, सील काय करन? नवं टाकलं तरी जाईन." त्यायनं पान्यानं टोपी ढिली केली, अन् फुस्स आवाज आला. मले तं रडूच आलं, सारं मीच केलं होतं.

हे एका फटफटीवर बसून सावनेरवरून सील अन् लायनर घेऊन आले. तोवर मिस्त्रीच्या बायकोनं मले सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) चारली अन् चिमीले मांडीवर घेतलं. काम झालं, पण मी बसाले तयार नव्हती.

"आधी एकटे चालवा. माह्यासमोर थांबवा."

हे चिडले. मिस्त्री म्हणे, "बरोबर बोलून राहिली ते." बाजूच्या मातीच्या मैदानात यायनं गाडी जोरात आणली अन् ब्रेक दाबला. धूळ बसली तशी मी चिमीले घेऊन गेली. मातीत दोन्ही मागच्या चाकांच्या घसटी होत्या, सारख्या लांब, सरळ. तीनदा पाह्यलं, मंग बसली.

जावळ झालं. भावानं लाख म्हणलं राहा म्हणून, पण ऊन असतानाच निघालो. धुरी, हवा, तेल, हे सारं मले अजून अर्धंच समजलं हाय. एवढंच समजलं का ज्याची भीती वाटते ते वाकून पाहाव, कोणी काही म्हणो.

निघताना मी तेच केलं, वाकली चाकामागं. "माह्यावर भरोसा नाई का तुले?" हे म्हणे.

"तुमच्यावर हाय. गाडीवर नाई."

मंग हे माह्या बाजूले उकिडवे बसले, चाकामागं बोट फिरवलं अन् ते कोरडं बोट माह्यासमोर धरलं.