आधी मुलगा होऊ दे

शाळेतल्या मुलींच्या तपासणीची यादी द्यायला मी उपकेंद्रात गेले होते. माझ्यापुढे दोन लहान मुलींना घेऊन एक बाई उभी होती. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, तांबी बसवायची होती."

सिस्टरनी मुलींकडे पाहिलं. "दोन्ही मुलीच ना? आधी मुलगा होऊ दे गं. मागे एकीला बसवली, तर तिची सासू इथं येऊन मला शिव्या देऊन गेली."

"पण अंगात रक्त नाही, असं तुम्हीच म्हणाला होता की."

मी घरातली चौथी मुलगी. मला शिकवलं, हे आईवडिलांचे उपकार मी कधी विसरत नाही. पण चार बाळंतपणं आईला हवी होती का, हे तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. तांबी फुकट मिळते, समोरच्या कपाटात असते, तरी तिच्यापर्यंतची वाट मुलाच्या पाळण्यावरूनच जाते, याचा संताप येतो.

"सिस्टर, ती मागतेय तर बसवा ना," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही शाळेत निघून जाल. सासूला तोंड मला द्यावं लागतं."

मग त्यांनी मायेनं तिच्या हातावर रक्तवाढीच्या गोळ्या ठेवल्या. "रोज एक घे. पुढच्या खेपेला ताकद पाहिजे."