शेवटच्या जीपची मूठ

वैशाखातला तो फुफाटा अजून माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. हा तर कागदावर साधा अपघात होता. निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत होणे, एवढंच कलम. पण निवृत्तीनंतरही रस्त्याने चालताना समोरून जीप आली की मी बाजूला थांबतो आणि ड्रायव्हरच्या हाताकडे बघतो. घरचे हसतात. हसू देत.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आमचे साहेब परभणीला बसायचे. मी गोरेगावच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. हाताखाली मोजके शिपाई, एक मुरलेला जमादार आणि उतारावर उभी केली तरच सुरू होणारी सरकारी जीप. लग्नसराईत आमचं काम वाढायचं. वऱ्हाडाची भांडणं, वाजंत्र्यांची भांडणं, जेवणावरून रुसलेले पाहुणे. माणूस सुखात जास्त भांडतो, हे मी त्या ठाण्यात शिकलो.

तिथल्या ड्रायव्हर लोकांची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खेड्यांकडे जाणारे रस्ते कच्चे, एकाच गाडीच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना शेतांचे बांध. वऱ्हाडाच्या जीपा एकामागे एक निघायच्या. पहिली गेली की असा धुरळा उठायचा की मागून काय येतंय ते दिसायचं नाही. म्हणून कडेला कोणी बैलगाडीवाला किंवा मेंढरं घेऊन थांबलेला धनगर दिसला, की ड्रायव्हर गाडी हळू करून हात बाहेर काढायचा. हात उघडा असेल तर, थांबा, मागं अजून गाडी आहे. मूठ आवळलेली असेल तर, मीच शेवटचा, आता रस्ता तुमचा. हे कुठल्या कायद्यात नव्हतं. पण त्या भागात मूठ दाखवणं म्हणजे जबान देणं होतं, आणि माझ्या माहितीत ती कोणी मोडली नव्हती.

त्या दिवशी दुपारी पोलीस पाटलाचा निरोप आला. कच्च्या रस्त्यावर एक मेंढपाळ आणि त्याची काही मेंढरं गाडीखाली सापडली, गाडी पळून गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा माणूस संपला होता. तिशीतला, अंगापिंडाने मजबूत गडी. त्याचा बाप त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बाप अर्धा कळप घेऊन पुढे पाण्यावर गेला होता, मुलगा उरलेली मेंढरं घेऊन मागून येत होता. ओरडा ऐकून म्हातारा धावत आला तेव्हा धुरळ्याशिवाय काही नव्हतं.

पंचनामा केला. रस्त्यात आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तुटलेलं तोरण सापडलं. म्हणजे गाडी वऱ्हाडाचीच. पलीकडच्या गावात लग्न होतं, आम्ही तिकडे गेलो. मांडवाबाहेर तीन जीपा उभ्या, तिन्हींच्या तोंडावर तोरणं जशीच्या तशी. नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्या तीनच गाड्या. लेकरांची शप्पथ." अख्ख्या मांडवात एकाच्याही तोंडून ब्र निघाला नाही. जिलेबी मात्र तीन वेळा पुढे केली.

गावात बोललं जायला लागलं की धनगराचं पोर बावळट, धुरळा बसायच्या आत मेंढरं रस्त्यावर घातली, मेलं आपल्या करणीनं. हे बोलणं म्हाताऱ्याच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून तो ठाण्यात येऊन लिंबाखाली बसायला लागला. खांद्यावर घोंगडी, हातात मुलाची काठी. मला वाटलं, भरपाईचं विचारायला आला असेल. तसलं काही नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "माझ्या पोराला मूठ दाखविली व्हती का न्हाई, तेवढं मला सांगा."

"त्याने काय होणार बाबा?"

"मीच त्याला शिकिवलं व्हतं. मूठ दिसल्याबिगर मेंढरू रस्त्यावर घालायचं न्हाई. लहानपणापासून कधी चुकला न्हाई. आता समदे म्हणून राहिले, तो चुकला. त्याची दोन लेकरं हायेत. ती मोठी झाली की लोक त्यायला हेच सांगतील, तुमचा बाप येडा व्हता म्हणून मेला."

मी त्याला चहा पाजला आणि तपास चालू आहे म्हणालो. पोलिसाचं हे वाक्य किती पोकळ असतं ते पोलिसालाच ठाऊक.

खबर मिळाली ती एका वाजंत्र्याकडून. तो आपल्या दुसऱ्याच तक्रारीसाठी आला होता, त्याची सनई कुणीतरी लंपास केली होती. जाता जाता दाराशी घुटमळला. म्हणाला, "साहेब, आमी वेशीवर उभं असतो. गाडी आली की वाजवतो. त्या दिशी आमी चारदा वाजिवलं. चौथी निळी जीप व्हती. जरा उशिरानं आली, आन् तिला तोरण नव्हतं. माणसं उतरली अन् गाडी लगेच माघारी गेली. माझं नाव नका घेऊ, मला ह्याच गावात वाजवायचं हाय." त्याचं नाव मी घेतलं नाही, आजही घेणार नाही. सनई मात्र सापडली नाही.

निळी जीप कुणाची हे शोधायला वेळ लागला नाही, पण ती जीप आणि तिचा ड्रायव्हर दोघेही गायब होते. तेव्हा मी तिसऱ्या, म्हणजे पांढऱ्या जीपच्या ड्रायव्हरला बोलावलं. तो निळ्या जीपवाल्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. पोरगा शिडशिडीत, स्वच्छ कपड्यांतला. आल्या आल्या "जयभीम साहेब" म्हणाला आणि उभाच राहिला.

"बस. त्या मेंढपाळाला पाहिलंस का?"

"व्हय. कडेला उभा व्हता मेंढरं घेऊन."

"हात काय दाखवलास?"

त्याने खाली बघितलं. "उघडा हात दाखविला साहेब. मागं गाडी हाय म्हणून."

"मग तो रस्त्यावर काहून आला?"

"आता त्याला म्या काय सांगू? घाई झाली आसंल."

माझा आवाज चढला. मी रागीट माणूस, टेबलावर हात आपटायची मला सवय. आपटला. तो हलला नाही. तेच उत्तर, त्याच शब्दांत. शिकवून पाठवलेल्या साक्षीदाराची ही खूण असते. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, अडखळतो, मागे जाऊन दुरुस्त करतो. हा पोपटासारखा बोलत होता. ड्रायव्हर लोकांनी स्टँडवर बसून सगळं ठरवलेलं दिसत होतं. उघडा हात दाखवला म्हटलं की गुन्हा मेलेल्याच्या माथी जातो आणि दोन्ही साडू सुटतात.

मी जमादाराला बाहेर नेलं. जमादार म्हणाला, "साहेब, त्याला मारून काही व्हायचं नाही. थोडा वेळ द्या." तेवढ्यात बघतो तर म्हातारा आत शिरलेला. माठाचं पाणी प्यायला आला होता आणि पाणी पिता पिता त्याला कळलं होतं की समोर बसलाय तो कोण. जमादार त्याला बाहेर काढायला निघाला. मी हाताने थांबवलं.

म्हातारा त्या ड्रायव्हरच्या समोर फरशीवर बसला. शिव्या देईल असं मला वाटलं होतं.

"लेकरा," तो म्हणाला, "तुला फाशी व्हावी असं माझ्या मनात न्हाई. तू ठोकलं न्हाईस, मला ठावं हाय. फकस्त एवढं सांग. उघडा हात व्हता का मूठ? उघडा हात व्हता तर माझं पोरगं चुकलं. म्या ते बी मान्य करतो, घरी जातो. पर खरं सांग. तुलाबी लेकरं असतील."

ड्रायव्हर खुर्चीवरून उतरून म्हाताऱ्यासमोर फरशीवर बसला. "बाबा, मूठच व्हती. म्या मूठ दाखविली. तुमच्या पोरानं मला हात बी केला, बरं म्हणून, आन् मंग मेंढरं काढली." असं म्हणून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हमसून हमसून रडला.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "मंजे माझं पोरगं बराबर व्हतं," एवढंच म्हणाला. मग उठून त्याने त्या रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर गेला. मी स्टेशन डायरी उघडून उगाच चाळत बसलो, कारण जमादार माझ्याकडे बघत होता.

पुढचं सगळं सरळ निघालं. निघताना चार जीपा होत्या. वाटेत निळीचं टायर बसलं. साडू म्हणाला, तुमी व्हा पुढं, मला लई वेळ लागंल. म्हणून पांढऱ्या जीपवाल्याने आपण शेवटचे असं धरलं आणि मूठ दाखवली. इकडे साडूने टायर झटपट बदललं. मुहूर्त टळेल म्हणून गाडीतले लोक घाई करत होते. त्याने जीप अशी दामटली की पुढच्या गाड्यांचा न बसलेला धुरळा गाठला, आणि त्यातच ती पुढे रेटली. तो धुरळ्यात होता, आणि मेंढपाळ आपला रस्ता समजून रस्त्यावर. निळी जीप आम्हाला जवळा बाजारला त्याच्या पाहुण्यांकडे गुरांच्या कोठ्यात सापडली. धुऊन पुसून लख्ख केली होती, पण बंपरच्या नटात मेंढीची लोकर अडकलेली होती. ड्रायव्हर कबूल झाला. "थांबणार व्हतो साहेब. मागून समदे ओरडले, चल चल, अपशकून नको. म्या गाडी काढली." ज्यांनी ओरडून गाडी पुढे काढायला लावली ते सगळे त्या संध्याकाळी अक्षता टाकून, जेवून घरी गेले होते. त्यांच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं.

दोषारोपपत्र दाखल केलं. खटला उभा राहीपर्यंत जिल्हा वेगळा झाला, माझी बदली झाली. साक्षीसाठी कोर्टात गेलो तेव्हा वऱ्हाडातले साक्षीदार एकामागून एक फितूर झालेले होते. आम्ही झोपलो होतो, आम्हाला काही दिसलं नाही. चारी गाड्यांतले लोक भर दुपारी झोपले होते म्हणे! एकटा पांढऱ्या जीपवाला आपल्या जबाबावर ठाम राहिला. बचावाचे वकील त्याच्यावर तुटून पडले. मागे गाडी आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? तरी मूठ तुम्हीच दाखवलीत ना? म्हणजे त्या माणसाला मरणाच्या रस्त्यावर बोलावलं कोणी? तो खाली मान घालून म्हणाला, "म्या." निळ्या जीपवाल्याला संशयाचा फायदा मिळून तो सुटला.

पांढऱ्या जीपवाल्याच्या हातून मात्र गाडी कायमची सुटली. साडूला अडकवायला निघाला म्हणून सासरचं दार बंद झालं. मालकाने जीप काढून घेतली. स्टँडवर त्याच्याशी कोणी बोलेना. शेवटी तो आखाडा बाळापूरला जाऊन हमाली करायला लागला, असं जमादाराने कळवलं. खरं बोलणाऱ्याचं भलं होतं असं आपण मुलांना सांगतो. मी माझ्या मुलांना सांगितलं आहे. त्यानंतर सांगताना माझी जीभ अडखळायला लागली.

तपास मी चोख केला. त्यात कसूर झाली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. या प्रकरणाने मला शिकवलं ते वेगळंच. लोक एकमेकांना रस्ता देतात तो पोलिसाच्या भीतीने देत नाहीत. परक्या माणसाने हलवलेल्या हातावर ते भरवसा टाकतात, म्हणून रस्ते चालतात. तो भरवसा एकदा कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहिला की लोक शहाणे होतात. तसंच झालं. त्या भागातल्या ड्रायव्हरांनी एकमेकांना बजावलं, हात आत ठेवा रे, उगाच साक्षीला उभं करतील. नव्या पोरांना तर मूठ म्हणजे काय तेही माहीत नाही.

नोकरीच्या अखेरच्या काळात एकदा हिंगोलीहून कामासाठी त्याच बाजूला निघालो होतो. रस्त्यावर डांबर आलं होतं, रुंदी तेवढीच होती. वळणावर मेंढरं घेऊन तो म्हातारा उभा होता. पार वाकला होता, पण काठी तीच. मी गाडी थांबवून उतरलो. त्याने ओळखलं.

"बाबा, रस्ता तर मोकळा आहे. काहून थांबलात?"

"मागं काय हाय ते आता कोण सांगतंय साहेब? कान देऊन उभा ऱ्हातो. आवाज निमाला की निघतो." मग म्हणाला, "त्या पोराचं काय झालं वो? खरं बोललं त्याचं?"

मी सांगितलं, बाळापूरला आहे, हमाली करतो. म्हातारा हळहळला. "माझ्याच्यानं झालं. म्या विचारायलाच नगं व्हतं."

"असं नका म्हणू बाबा," मी म्हणालो.

निघताना मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. मागे बघितलं, लांबवर काही नव्हतं. ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितली, हात बाहेर काढला आणि मूठ आवळून म्हाताऱ्याला दाखवली.

त्याने बघितलं. काठी उचलून कपाळाला लावली. पण मेंढरं रस्त्यावर घातली नाहीत. आमची गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच कान देऊन उभा होता.