धुतलेलं थडगं

"धुतलं तर काय वाईट केलं? थडगंच आहे ना ते?"

"पाच हजार वर्षांचं आहे, मॅलकी. तुझ्या मावशीचं नव्हे."

"माझ्या मावशीचं बघ जाऊन. कसं चकचकीत आहे."

अ‍ॅट्रॅक्टाने पाहिलं होतं. पांढरी खडी, प्लास्टिकचे गुलाब, काचेच्या घुमटात देवदूत. जुलैत कबरींना आशीर्वाद द्यायचा रविवार आला, की वर्षभर मेलेल्यांची आठवण नसलेलं स्लायगो परगण्यातलं हे गाव बादल्या घेऊन दफनभूमीत उतरे. या घासपुशीचा सेनापती म्हणजे तिचा धाकटा दीर मॅलकी. यंदा सुंदर गावाच्या स्पर्धेचे परीक्षकही त्याच आठवड्यात यायचे होते. मग काय, स्वच्छता समितीचे अध्यक्ष गाड्या धुवायचं मशीन घेऊन टेकडीवरच्या पुरातन थडग्यात शिरले. बाहेरचं दगडफूल गेलंच, आतल्या मोठ्या दगडावर कोरलेली वेटोळीही निम्मी उडाली. शिवाय थडग्याच्या दारात पांढरी खडी पसरली.

थडग्याच्या लोखंडी दाराची किल्ली अ‍ॅट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात, खिळ्यावर. आधी सासूकडे होती, त्याआधी सासूच्या सासूकडे. पाहुणे किल्ली नेत, चिखलाच्या बुटांनी परत आणून देत. तिने एकालाही कधी चहा विचारला नाही. आत काय आहे म्हणून कुणी विचारलंच, तर "काळोख" म्हणे. फोटोवाल्यांचा तिला कंटाळा, शक्ती शोधत येणाऱ्या अनवाण्यांचा त्याहून जास्त. नवरा गेल्यापासून मात्र ती स्वतः संध्याकाळी आत जाऊन बसे आणि त्या वेटोळ्यांवरून बोट फिरवत राही. गावात तिला सहन होणारी सोबत तेवढीच.

आज वारसा कार्यालयाचा माणूस किल्ली काढून घ्यायला येणार होता.

"त्याला सांगशील, हे तुझे प्रताप म्हणून?"

"सांगेन की. लपवतोय कोण? पेपरात फोटो दिलाय मी. आधीचा आणि नंतरचा."

"तुझी कवटी धुवायला हवी होती त्या मशीनने. आतून."

"बोल, बोल. समितीत ये म्हटलं तर नाक मुरडतेस."

"कुंड्या रंगवायला?"

मॅलकीने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मला एक सांग, अ‍ॅट्रॅक्टा. मशीन गाडीला जोडून तुझ्या दारात उभा होतो मी. नळी उंबऱ्यावर लोळत होती, तू ती ओलांडून गेलीस. किल्ली दिलीस. कशाला हवी, एवढं तरी विचारायचंस."

अ‍ॅट्रॅक्टाला नळी आठवली. पिवळी होती. विचारलं असतं तर हा बोलला असता, बोलता बोलता बसला असता, आणि मग त्याला चहा द्यावा लागला असता. म्हणून मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून तिने किल्ली पुढे केली होती, तोंड दुसरीकडे फिरवून.

"मी थांबलो असतो," मॅलकी म्हणाला. "वेटोळी महत्त्वाची आहेत, हे तू कधी कुणाला सांगितलंस?"

बाहेर मोटार येऊन थांबली. दार उघडून कुणीतरी खाकरलं.

अ‍ॅट्रॅक्टाने खिळ्यावरची किल्ली काढली आणि दिराकडे न पाहता ती बाहेर निघून गेली.